टबातल्या चपला

बसमधल्या माणसांनी ड्रायव्हरशी बोलणं बंद केलं. तो मे महिन्यातला शनिवार होता. संध्याकाळी माझ्या बायकोनं मला ते सांगितलं.

ती क्लिनिकमधून नुकतीच आली होती. पर्स टेबलावर ठेवली, पण ती बसली नाही. "दादांचा फोन आला होता," ती म्हणाली. "कॅम्पातल्या माणसांनी बसच्या काकांना वाळीत टाकलंय."

मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होतो. "वाळीत? इथं, सोहारमध्ये?"

"गाव सोडलं म्हणून गावकी सुटते होय?"

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकर न लावता तशीच ओट्याशी उभी राहिली. ती घाबरली आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तिला घाबरलेली मी फार कमी वेळा पाहिली होती. आमच्या घरात घाबरायचं काम माझ्याकडे होतं.

त्या वर्षांत ओमानमधल्या सोहारमध्ये बंदर वाढत होतं, पोलादाचे आणि ॲल्युमिनियमचे कारखाने वाढत होते, आणि त्यांच्यामागून भारतीय अभ्यासक्रमाची शाळाही वाढत होती. त्या शाळेत मी इतिहास शिकवत असे. बायको एका खासगी क्लिनिकमध्ये नर्स होती. आम्ही दोघंही बौद्ध, पण मी पुण्यात, आडनावावरून काही कळत नाही अशा घरात वाढलो आणि ती मुंबईत गोदी कामगारांच्या वस्तीत. तिचं मूळ गाव कोकणात. सोहारमधल्या मराठी कुटुंबांत कुणी विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" तर मी "पुण्याचे" म्हणून थांबत असे. ती गाव सांगायची, आणि गावातली वाडीही सांगायची. मग समोरची बाई हवेबद्दल बोलायला लागायची.

दादा तिला क्लिनिकमध्येच भेटले. हात भाजलेला एक वयस्कर वेल्डर मलमपट्टीला आला, तिचं मराठी ऐकून त्यानं गाव विचारलं, आणि तिनं वाडीसकट सांगितल्यावर तो भाजलेला हात विसरून हसला. पुढच्या शुक्रवारी तो आणखी दोघांना घेऊन आमच्याकडे जेवायला आला. मग दर शुक्रवारी येऊ लागले. वेल्डर, फिटर, पेंटर, सगळे रत्नागिरीकडच्या बौद्धवाड्यांमधले, सगळे एकाच कंत्राटी कंपनीच्या कॅम्पमध्ये राहणारे. ते तिला ताई म्हणत, मला सर. शुक्रवारी कंपनीची बस त्यांना बाजारहाटासाठी आमच्या घराजवळच्या मोठ्या दुकानापाशी सोडायची. तिथून ते दोघंदोघं, वेगवेगळ्या रस्त्यांनी आमच्या इमारतीत यायचे. वेगवेगळ्या रस्त्यांनी यायची कल्पना माझी होती.

माझं दुसरं काम चपलांचं. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की आत किती माणसं आहेत ते कुणालाही कळतं. वॉचमनला कळलं असतं, समोरच्या घरातल्या इजिप्शियन मास्तरांना कळलं असतं. परवानगीशिवाय माणसं जमवणं तिथं गुन्हा होता. आम्ही यायच्या थोडं आधी शहराच्या गोल चौकात निदर्शनं झाली होती, आणि त्यांबद्दल शाळेत कुणी एक शब्दही काढत नसे, यावरूनच ती किती मोठी झाली असतील ते मला समजायचं. म्हणून प्रत्येक जण आत आला की मी त्याच्या चपला उचलायचो आणि बाथरूमच्या टबात नेऊन ठेवायचो. पहिल्यांदा दादा फार संकोचले. "सर, आमच्या चपला तुमी उचलायच्या?" नंतर त्याची थट्टा झाली. कुणी म्हणायचं, "सर, माज्या चपलेला आंघोळ घातलीत काय?"

जेवण साधं असे. वरण, भात, सुकटाची चटणी, बाजारात मिळाला तर बांगडा. जेवण झालं की ती भिंतीला टेकून बसायची आणि गोष्ट सांगायची. गोष्ट एकच होती आणि ती कित्येक महिने पुरली. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी आपले हक्क कसे मिळवले, त्याची.

ही गोष्ट तिला तिच्या वडिलांकडून मिळाली होती. ते तरुण असताना अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या एका संघटनेवरून इकडच्या पोरांनी आपल्या संघटनेचं नाव घेतलं होतं, आणि ते त्या पोरांपैकी एक होते. गोदीत बोटींवर काळे खलाशी आले की ते मोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी बोलायला जात. घरी येऊन मुलीला सांगत, "तिकडं पण आपलीच माणसं हायत, फक्त रंग पक्का." त्यांनी ऐकलेलं, वाचलेलं, आणि थोडं मनानं घातलेलं असं सगळं तिच्याकडे आलं होतं. मी तेच पुस्तकांतून वाचलं होतं. तिचं काही चुकलं की मी हळूच दुरुस्त करायला जायचो. तेव्हा दादा म्हणायचे, "सर, साल नंतर. फुडं काय झालं ते ताईंना सांगू द्या."

पुढं बसचं आलं. दक्षिणेतल्या एका शहरात काळ्या माणसांनी बसमध्ये बसणं सोडून दिलं. वर्षाहून जास्त काळ ती पायी चालली. मोलकरणी चालल्या, म्हाताऱ्या चालल्या. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी ठरलेल्या कोपऱ्यांवरून माणसं उचलली. कॉलेजातल्या बायकांनी रातोरात पत्रकं छापली. काही बायका स्वयंपाक करून विकायच्या आणि त्यातून पेट्रोलचा खर्च निघायचा.

"काय विकायच्या?" एका फिटरनं विचारलं.

"कोंबडी-वडे," ती म्हणाली.

"तिकडं पण कोंबडी-वडे?"

"तिकडची कोंबडी, तिकडचे वडे. तुम्हाला काय करायचंय? खपत होते."

मी काही दुरुस्त केलं नाही.

आणि मग तालीम. तिकडच्या विद्यार्थ्यांनी हॉटेलातल्या गोऱ्यांच्या बाकांवर जाऊन बसायच्या आधी आपसांत तालीम केली होती. मित्रच मित्राला शिव्या देत, ढकलत, अंगावर काहीबाही ओतत, आणि समोरच्यानं गप्प बसून राहायचं. हे तिनं सांगितलं नाही, करून घेतलं. एकाला खुर्चीवर बसवलं आणि दादांना म्हणाली, "तुम्ही कॅम्प बॉस व्हा." दादांनी कमरेवर हात ठेवले आणि कॅम्प बॉसच्या हिंदीत सुरुवात केली. "ए! तेरे बाप का कंपनी है क्या? यल्ला, यल्ला, चल उठ! कल का फ्लाइट में बिठा दूँगा, खलास!" इतकं हुबेहूब की खुर्चीवरचा पेंटर खरोखर उठून उभा राहिला. सगळे हसून लोळले. मी खिडकी बंद आहे ना ते पुन्हा पाहून आलो.

"उलट बोलायचं नाही," ती पेंटरला म्हणाली. "आणि उठायचंही नाही. परत बसा."

या सगळ्याचा कॅम्पमध्ये काही उपयोग होईल असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. त्या माणसांना आठवड्यातून एक दुपार कुणाच्या तरी घरात बसायला मिळत होती, एवढंच.

बसचा ड्रायव्हर कोकणातलाच. दादांच्याच गावचा, पण वरच्या वाडीतला. साठीकडे आलेला, बारीक, कमी बोलणारा. सगळे त्याला काका म्हणत. इतक्या लांब आल्यावर एका गावची दोन माणसं भेटली तर जेवढा जीव लागायचा तेवढा लागला होता. दोघं मिळून कॅम्पच्या भिंतीशी बसून मोबाइलवर गावचं भजन ऐकत. पण काकांचं ताट वेगळं असे. कुणी चटणी पुढं केली की ते म्हणत, "माजं पथ्य हाय." पथ्य कसलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

बसचा एसी उन्हाळा लागायच्या आधीच बंद पडला होता. खिडक्या सीलबंद. कॅम्पपासून बंदराकडचा रस्ता पाऊण तासाचा. माणसांनी तक्रार केली, कॅम्प बॉस "इन्शाल्ला" म्हणाला. त्या शनिवारआधीच्या आठवड्यात, साइटवरून परत येताना पेंटर बसमध्ये कोसळला. तोच, तालमीत उठून उभा राहिलेला. माणसं ओरडली, पुढं जाऊन काकांच्या सीटवर हात आपटले. गाडी थांबवा, दार उघडा. काकांनी थांबवली नाही. वाटेत थांबलं तर दंड, अशी ताकीद होती. त्यांनी वेग वाढवला आणि कॅम्पमध्ये आणून गाडी उभी केली. पेंटरला क्लिनिकमध्ये आणलं तेव्हा माझी बायको ड्यूटीवर होती. तिनं त्याचे कपडे कापून काढले आणि बर्फ लावला. तो वाचला. घरी येऊन तिनं हात धुतले, आणि बराच वेळ धुतच राहिली.

त्यानंतरचा तो शनिवार.

त्यांनी आदल्या रात्री बैठक घेतली होती. कॅम्पच्या मागं, पाण्याच्या टाकीशी, गावात घेतात तशी. ठराव झाला. ड्रायव्हरशी कुणी बोलायचं नाही. त्यानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. त्याच्या हातचा चहा घ्यायचा नाही, त्याला द्यायचा नाही. तो भजन ऐकायला येऊन बसला तर उठून जायचं. दुसऱ्या दिवसापासून बस पहाटे पूर्ण भरून निघायची आणि आत एक शब्द नसायचा. दादांनी तिला हे फोनवर मोठ्या समाधानानं सांगितलं. "ताई, तुमी सांगितलात तसंच केलं. हात नाय उचलला, शिवी नाय दिली. उलट बोललो नाय."

"मी हे सांगितलं का रे?" तिनं मला विचारलं. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट आली होती. शुक्रवारी ही माणसं दुकानापाशी उतरून कुठं जातात हे काकांना माहीत होतं. बस तिथंच उभी असायची. आमच्या इमारतीचं दार तिथून दिसत होतं.

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मलाही तेच सुचलं होतं. पण आधी मला ते म्हातारे काका दिसले."

तो आठवडा मी कसा काढला ते नीट आठवत नाही. फळ्यावर लिहिताना मागं दार वाजलं की खडू थांबायचा. शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला की मला वाटायचं, आलं. पकडलं तर काय होईल ते मी मनात पुन्हापुन्हा मांडायचो. आमचे दोघांचे व्हिसा जातील, ते ठीक. त्या माणसांचे जातील. एकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, एकाच्या घराला अजून छप्पर नव्हतं. आणि तिला नेलं तर? चौकशीला म्हणून नेलं तर ती काय बोलेल? ती खोटं बोलणार नाही याचीच मला सर्वांत जास्त भीती होती.

शुक्रवारी माणसं आली. दादा आल्या आल्या म्हणाले, "काल कॅम्प बॉसनं त्याला हापिसात बोलावलान. विचारलान, ही माणसं तुझ्याशी का बोलत नायत, आणि शुक्रवारी जातात कुठं."

"मग?"

"काय म्हायत नाय. बाहेर आला तो गप. आमी विचारणार कसं? आमचं बोलणं बंद."

कुणी हसलं नाही. मी चपला उचलत होतो, तसाच हातात दोन जोड घेऊन उभा राहिलो. आतापर्यंत जी भीती माझी एकट्याची होती ती त्या खोलीत सगळ्यांच्या तोंडावर आली.

ती म्हणाली, "दादा, बोलणं सुरू करा."

"ठराव झालाय, ताई."

"ठराव मोडा."

"तुमाला म्हायत नाय." दादांचा आवाज चढला. "त्याच्या वाडीनं आमच्या वाडीला वाळीत टाकलं होतं. माजी आजी हंडा घेऊन नदीवर जायची, दोन डोंगर. दुकानदार मीठ देत नव्हता. का, तर आमी मेलेली गुरं ओढणार नाय म्हनून सांगितलं. माज्या थोरल्या भावाला बाळपणी ताप आला तर वैद्य उंबऱ्याच्या आत आला नाय. तेव्हा हा काका शेंबडा असंल, पण त्याचा बाप त्या बैठकीत होता. आता त्याला जरा कळू दे."

"कळलं का त्याला?"

दादा खिडकीकडे वळले.

"कळलं असेल," ती म्हणाली. "तुमच्या आजीला जे कळलं तेच त्यालाही कळलं असेल. तिकडच्या माणसांनी बस सोडली, दादा. ड्रायव्हरला नाही सोडलं."

मागून एक फिटर म्हणाला, "बस सोडून जाऊ कसं, ताई? चालत? या उन्हात? आणि नाय गेलो तर दुसऱ्या दिवशी इमानतळावर. ती माणसं आपल्या गावात होती. आपण दुसऱ्याच्या गावात हाव."

हे खरं होतं आणि तिच्या वडिलांच्या गोष्टीत याचं उत्तर नव्हतं. माझ्या पुस्तकांतही नव्हतं. ती उठली, पायांत चपला नव्हत्या म्हणून टबापाशी गेली, ढिगातून स्वतःच्या शोधून काढल्या आणि दाराकडे निघाली. मी म्हणालो, "नको जाऊस." ती थांबली नाही, म्हणून मी मागोमाग गेलो.

जुम्म्याचा नमाज होऊन गेला होता, रस्ता रिकामा. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत बस उभी होती आणि काका दार उघडं टाकून पायरीवर बसले होते. आम्हाला पाहून उठले. ती म्हणाली, "काका, जेवलात का?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. घसा खाकरून परत बोलले. आठवडाभर माणसांपैकी कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. "माज्याशी बोलतंस बाय? तुला चालतं?"

"मी कुठल्या ठरावात नाही."

ते खाली बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "तो विचारत होता. मी अजून काय सांगितलं नाय. उद्या सकाळी परत बोलावलान हाय." माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, तुमी घाबरू नका." पण सांगणार नाही असं ते म्हणाले नाहीत. मी त्या शब्दाची वाट पाहत होतो.

"गाडी का नाही थांबवली हो?" तिनं विचारलं.

"थांबवून काय करू? भायेर पण तीच आग. सावली नाय, झाड नाय. म्हटलं क्याम्पात नेली तर पाणी तरी हाय." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. "माजं चुकलं असंल. मला कोणी विचारलंच नाय ना, बाय. विचारायला बोलायला लागतं."

ती म्हणाली, "वर चला. जेवायला."

काका हलले नाहीत. ते कशामुळे थांबले ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. ती पुन्हा म्हणाली नाही. नुसती उभी राहिली. मला त्या रिकाम्या जागेत आम्ही तिघं फार उठून दिसतोय असं वाटत होतं. शेवटी त्यांनी बसचं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.

दाराशी त्यांनी बूट काढले. मी ते उचलले. "सर, असू दे," ते म्हणाले. मी ते टबात, दादांच्या चपलांशेजारी ठेवले.

खोलीत सगळे होते. तिनं ताट वाढलं. सगळ्यांचं होतं तसंच स्टीलचं ताट, तेवढीच चटणी. काका मांडी घालून बसले. पहिला घास त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग खाल्ला. दुसरा खाल्ला. भात संपत आला तरी कुणी बोलेना. मी दादांकडे बघत होतो. ते उठले, मला वाटलं बाहेर जाणार. ते स्वयंपाकघरात गेले आणि भाताचं पातेलं घेऊन आले.

"भात घे," ते म्हणाले.

"अर्धा," काका म्हणाले.

दादांनी भरून वाढला. मग पेंटर, जो कोसळला होता तोच, कोपऱ्यातून म्हणाला, "काका, सुकट खाल्लास आमच्यात. आता गावात घेणार नायत तुला. आमच्या वाडीत ये रावायला. घरं कमी हायत, पन मीठ मिळतं आता."

आधी काका हसले. मग सगळे. मी "हळू, हळू" म्हणत राहिलो आणि कुणी ऐकलं नाही.

काकांनी स्वतःचं ताट धुतलं. जाताना तिला म्हणाले, "मीठ बरोबर होतं." उद्याचं काही बोलले नाहीत.

शनिवारी माझी शाळा बंद होती आणि ती क्लिनिकमध्ये. मी घरातली काळ्यांच्या चळवळीवरची पुस्तकं एका बॅगेत भरली. बॅग कुठं ठेवायची ते सुचेना. पलंगाखाली ठेवली, मग माळ्यावर, मग परत काढून पुस्तकं कपाटात लावली, कारण रिकामं कपाट जास्त संशयास्पद दिसत होतं. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी दाराच्या भिंगातून बघत होतो. एकदा वॉचमन दिसला. तो पाण्याच्या बाटल्या देऊन गेला.

दुपारी तिचा फोन आला. दादांनी तिला कळवलं होतं. पहाटे माणसं बसपाशी जमली तेव्हा काका गाडीत नव्हते. ते ऑफिसात गेले आणि किल्ली कॅम्प बॉसच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, एसी दुरुस्त झाल्याशिवाय मी गाडी काढणार नाही, त्या दिवशी माणूस मरत होता. कॅम्प बॉस ओरडला, शिव्या दिल्या, तेरेको किसने सिखाया म्हणाला, ये लोग शुक्रवार को कहाँ जाते हैं म्हणाला. काका खुर्चीवर बसून राहिले. उलट बोलले नाहीत, उठलेही नाहीत. ती तालीम त्यांनी कधी पाहिली नव्हती. शेवटी एवढंच म्हणाले की माणसं माझ्यावर चिडलीत, कारण मी गाडी थांबवली नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. शुक्रवारी ती सामान घ्यायला जातात.

माणसं बसपाशी उभीच राहिली. बस सोडली असं कुणी म्हणालं नाही. चालवायला कुणी नव्हतं, एवढंच. सकाळी उशिरा दुसऱ्या कंपनीची भाड्याची बस आली, एसी चालू असलेली. सगळे तिच्यात चढून कामावर गेले.

काकांचा व्हिसा रद्द झाला. ज्या दिवशी त्यांना मस्कतच्या विमानतळाकडे नेणार होते त्या दिवशी ती कॅम्पच्या फाटकाशी डबा घेऊन गेली. मी गाडीत बसून होतो, इंजिन चालू ठेवून. माणसं ड्यूटीवरून आली होती. दादांनी काकांची बॅग उचलली होती. एकेक जण पुढं येत होता आणि काहीतरी बोलत होता. काय ते मला ऐकू आलं नाही. शेवटी काका कंपनीच्या गाडीत बसताना दादा ओरडले ते मात्र ऐकू आलं. "जातो म्हणू नको! येतो म्हण!"

आमच्याकडे चौकशीला कुणी आलं नाही. ना त्या आठवड्यात, ना पुढं. पण कुणी येणार नाही हे कळायला काही मार्ग नसतो. काही शुक्रवार मी तिला जेवण ठेवू दिलं नाही. मग एकदा तिनं न विचारता मोठं पातेलं काढलं, आणि मी दाराशी जाऊन उभा राहिलो. चपला आम्ही सोहारमध्ये होतो तोवर टबातच राहिल्या. गोष्ट पुढं सरकली. मतदानाच्या हक्कापर्यंत आली. "वाळीत" हा शब्द तिनं पुन्हा कधी काढला नाही आणि दादांनीही नाही.

दशक संपत आलं तेव्हा ती आजारी पडली. निदान उशिरा झालं. तिच्यासारख्या नर्सच्या लक्षात आधी कसं आलं नाही, असं सगळे विचारत. ती दुसऱ्यांच्या अंगाकडे बघायची. तिला घेऊन मी परत आलो आणि ती मुंबईत, तिच्या वडिलांच्या वस्तीजवळच्या हॉस्पिटलमध्ये वारली. शेवटच्या दिवसांत मी तिला विचारलं होतं, तुला भीती वाटते का. ती म्हणाली, "तू आहेस ना त्याला."

तिच्या मागे करायचा जलदान विधी तिच्या मूळ गावी झाला. दादा सोहारहून येऊ शकले नाहीत. पण काका आले. दोन एसट्या बदलून आले. मी ओळखलं नाही, इतके वाकले होते. वंदना झाली, माणसं बोलली, मग पंगत बसली. विहाराच्या दाराशी काकांनी बूट काढले आणि माझ्याकडे बघितलं. मी ते उचलले. मग ठेवायचे कुठं ते मला कळेना. दाराबाहेर इतर सगळ्यांच्या चपला उघड्यावर पडल्या होत्या. मी ते त्यांच्यातच ठेवले. ते आत जाऊन पंगतीत बसले.

आता मी पुण्यात एकटा राहतो. शुक्रवारी दुपारी काकांचा फोन येतो. ते विचारतात, "जेवलात?" मी विचारतो, "तुम्ही?" फार बोलायला आमच्याकडे नसतं. फोन वाजला की मी अजून दचकतो, आणि उचलतो.